थाळावरची जागा

आमच्या वऱ्हाडातल्या शिरपुरात म्हातारी माणसं गोष्ट सांगायला बसली, की ती देवापासून सुरू व्हायची आणि कोर्टात जाऊन थांबायची. एलिचपूरचा राजा अंगावरच्या रोगानं त्रासलेला. रानात फिरताना त्यानं एका तळ्याच्या पाण्यानं हातपाय धुतले आणि तेवढाच भाग बरा झाला. पाण्याखाली पार्श्वनाथाची मूर्ती होती, वाळू आणि शेणाची. राजाला दृष्टांत झाला: मूर्ती घेऊन नीघ, पण मागं वळून पाहू नको. शिरपूरच्या शिवारात राजाला राहवलं नाही. त्यानं वळून पाहिलं आणि मूर्ती होती तिथंच अधांतरी राहिली. म्हणून हा अंतरिक्ष पार्श्वनाथ. आबा सांगायचे, "पहिले मूर्तीच्या खालून घोडेस्वार जाये म्हंतात. आता फडकं तेवढं जाते."

मग आबा पुढच्या भागाकडे वळायचे. जैनांमधले दिगंबर आणि श्वेतांबर, दोघांचाही देव हाच. 1905 साली दोघांनी मिळून पूजेच्या वेळा ठरवून घेतल्या. पण ते टिकलं नाही. 1910 मध्ये अकोल्याच्या कोर्टात दावा पडला, तिथून नागपूर, आणि नागपुराहून थेट लंडनची प्रिव्ही कौन्सिल. 1929 मध्ये निकाल श्वेतांबरांच्या बाजूनं लागला. स्वातंत्र्यानंतर भांडण पुन्हा पेटलं आणि 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागलं. माझं सगळं लहानपण त्या कुलपाच्या गावात गेलं. बाहेरगावचे यात्रेकरू गाडीतून उतरायचे, झरोक्यातून दर्शन घ्यायचे आणि हात जोडून तसेच परतायचे. "आपल्या देवाचा कागद बिलायतेले जाऊन आला," असं आबा म्हणायचे, तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा अभिमान असायचा आणि त्याहून जास्त खंत.

श्रद्धा आणि हक्क यांची गाठ कशी पडते, हे मला पुस्तकांच्या आधी गावानं शिकवलं. म्हणूनच पुढे असगर अली इंजिनियर या माणसाचं लेखन हाती आलं, तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. जन्मानं राजस्थानचे, कर्मानं मुंबईचे, धर्मानं दाऊदी बोहरा. आमच्या गावाशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्यांनी आयुष्यभर जी लढाई लढली, तिचा एक तुकडा आमच्या घरात आबांच्या तोंडून आधीच पोचला होता.

आबा सुतार. तिफन, वखर, बैलगाडीची जोखडं, दाराच्या चौकटी हे त्यांचं काम. लोखंडी सामान मात्र बोहऱ्याच्या दुकानातून आणायचं. वऱ्हाडातल्या बहुतेक बाजारगावांत असं एक दुकान असतंच. हे दुकान कुठल्या गावी होतं ते मुद्दाम लिहीत नाही. त्या घरातली माणसं अजून आहेत. लहानपणी आबांसोबत मी तिथं गेलो आहे. उंबरा ओलांडला की जवसाच्या तेलाचा आणि लांबीचा वास यायचा. भिंतीभर खोकी. प्रत्येक खोक्याच्या तोंडाला आतल्या मालाचा एक नमुना सुतळीनं बांधलेला: बिजागरी, कडी, कोयंडा, हँडल. वर तारेला अलिगढची कुलुपं ओळीनं टांगलेली. खिळे वजनावर. आबा बिजागरी हातात घेऊन कानाशी न्यायचे, उघडमीट करून पाहायचे, आणि जी बोलली ती बाजूला ठेवायचे. सेठजी हसून म्हणायचे, "मिस्तरी, तुम्हारा कान बहुत महंगा पडता है."

या दुकानाच्या मधोमध फळ्यांची एक भिंत होती. दुकान एक, गल्ले दोन. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा. ती भिंत आबांनीच उभी केली होती, आणीबाणीच्या आगेमागे कधीतरी.

"दोघं भाऊ एका थाळात जेवत," आबा सांगायचे. "मंग धाकट्याले थाळातून उठवलं."

"काऊन?"

"त्यानं कोण्या कागदावर सही केली म्हने. वरून जो पैसा जमा होते त्याचा हिशोब मांगला म्हने."

"हिशोब मांगनं पाप हाय काय, आबा?"

"मले काय मालूम बाप्पा. मी सुतार मानूस. मले त्याईनं फळ्या लावाले सांगतलं."

थाळ म्हणजे काय, हे बोहऱ्यांच्या घरी जेवलेल्यालाच कळतं. जमिनीवर मोठा दस्तरखान, मध्ये तिवईवर परातीएवढा थाळ आणि भोवती आठेक माणसं. पहिल्यांदा चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं, मग जेवण सुरू. लहान-मोठा, मालक-नोकर एकाच थाळातून खातात. जो समाज जेवणातच एवढी बरोबरी पाळतो, त्यात थाळावरून उठवणं ही शिक्षा किती मोठी असेल! त्यांच्यात या बहिष्काराला 'बरात' म्हणतात. बरात झालेल्या माणसाशी नातेवाइकांनी बोलायचं नाही, व्यवहार करायचा नाही, त्याच्या लग्नाला जायचं नाही. मेल्यावर जमातीच्या कबरस्तानात त्याला जागा मिळेल याची खात्री नाही. आपल्याकडे 'वाळीत टाकणं' म्हणतात ते हेच.

भिंतीसाठी आबा ज्या देवदारी फळ्या वापरणार होते, त्या दुकानातल्याच मालाच्या खोक्यांच्या होत्या. अडचण खिळ्यांची आली. थोरला म्हणाला, माझ्याकडचे घ्या. धाकटा म्हणाला, माझ्याकडचे घ्या. शेवटी आबांनी दोघांकडून सारखे तोलून घेतले आणि मिसळून एकाच डब्यात ठेवले. मजुरीही दोघांनी अर्धी अर्धी, वेगवेगळ्या हातांनी दिली. काम चाललं तोवर दोघं भाऊ समोरासमोर बसून होते आणि दोघंही फक्त आबांशीच बोलत होते.

आबांना जे कळलं नव्हतं, ते मला पुढे असगर अलींच्या पुस्तकांनी समजावून दिलं.

त्यांचा जन्म 10 मार्च 1939 चा, राजस्थानातल्या सलुंबरचा. वडील शेख कुर्बान हुसेन हे आमिल होते, म्हणजे गावोगावच्या बोहरा जमातीसाठी धर्मगुरूंनी नेमलेले प्रतिनिधी. बदली होईल तिकडे आमिलाचं घर जायचं. त्यामुळे असगर अलींचं शिक्षण होशंगाबाद, वर्धा, देवास, इंदूर असं फिरत झालं. वर्ध्याचं नाव वाचून मी त्या ओळीवर थांबलो होतो. आमच्याच विदर्भातल्या शाळेत हा मुलगा बसला होता. घरी मात्र दुसरी शाळा भरत होती: अरबी, कुराणाची तफ्सीर, त्यातला गूढार्थ उलगडणारी तावील, फिक्ह, हदीस. हे सगळं वडिलांकडून. पुढे धर्मसत्तेला प्रश्न विचारणारा हा माणूस धर्माच्या बाहेर उभा राहून बोलत नव्हता. गुरूच्या घरात, गुरूच्या मांडीशी बसून तो शिकला होता. त्याच्या बोलण्याला वजन आलं ते तिथून.

उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मुंबई महापालिकेत लागले. जवळजवळ वीस वर्षं त्यांनी ती नोकरी केली. 'इंजिनियर' हे नाव कायमचं चिकटलं ते त्या पेशामुळे.

नोकरी सुरू होण्याआधीच एका घटनेनं त्यांना हलवलं होतं. फेब्रुवारी 1961 मध्ये जबलपुरात दंगल झाली. स्वतंत्र भारतातली ती पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक. तेव्हा ते विद्यार्थी होते. फाळणी झाली, देश वेगळे झाले, तरी शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर का उठतो, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं त्यांनी तेव्हा मनावर घेतलं आणि पुढची पन्नास वर्षं ते त्यामागे होते.

दरम्यान उदयपुरात वेगळंच काही घडत होतं. 1970 च्या नगरपालिका निवडणुकीत तिथल्या बोहरा तरुणांनी धर्मगुरूंच्या पसंतीच्या उमेदवारांविरुद्ध आपले उमेदवार उभे केले आणि निवडून आणले. मत कोणाला द्यायचं हा नागरिकाचा हक्क आहे, तिथं धर्मगुरूंची रजा कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून जमात दुभंगली. 1972 पासून असगर अली या चळवळीत पुढे आले. 1977 मध्ये उदयपूरला पहिली परिषद भरली, दाऊदी बोहरा समाजाचं मध्यवर्ती मंडळ उभं राहिलं आणि ते त्याचे सरचिटणीस झाले.

सुधारकांची मागणी ऐकली तर कोणालाही ती साधी वाटेल. आम्ही दाऊदी बोहराच आहोत आणि तसेच राहणार. दाईंना, म्हणजे सैयदनांना, आम्ही धर्माच्या बाबतीत मानतो. पण जमातीकडून जो पैसा गोळा होतो त्याचा हिशोब द्या. धंदा, मतदान, शिक्षण, संस्था यांसाठी रजा मागायला लावू नका. आणि प्रश्न विचारणाऱ्याला बरात करू नका. धर्मगुरूंच्या बाजूचं म्हणणंही तितक्याच ठामपणे मांडलेलं आहे. वयात येताना प्रत्येक बोहरा 'मिसाक' घेतो, दाईंशी निष्ठेची शपथ. ज्यानं ती मोडली त्याला जमातीबाहेर ठेवणं हा आमच्या धर्माचाच भाग, जमात एकसंध राहते ती त्यामुळे. या दोन बाजूंमध्ये निवाडा करायचं काम देशाच्या मोठमोठ्या न्यायालयांवर येऊन पडलं.

भांडण जुनं होतं. माथेरानची छोटी रेल्वे ज्या आदमजी पीरभॉय घराण्यानं बांधली, त्याच घराण्यातल्या मुलांचं नाव सुधारकांच्या पहिल्या पिढीत येतं. मुंबईत चांदाभाईच्या कबरीजवळच्या गल्ल्यात भाविक जे पैसे टाकत, त्यावरून पहिल्या महायुद्धाच्या काळात खटला उभा राहिला आणि 1921 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. दुसरा मोठा खटला बऱ्हाणपूरचा, म्हणजे आमच्या वऱ्हाडाच्या उशाशीच. तोही शिरपूरच्या देवासारखाच प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. डिसेंबर 1947 मध्ये निकाल लागला. दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, पण तो मनाला येईल तसा वापरता येणार नाही. आरोप काय आहे ते माणसाला सांगितलं पाहिजे, त्याची बाजू ऐकली पाहिजे. त्याआधी बहिष्काराच्या बैठकीत कोणी हे म्हटलं असतं, तर त्यालाही उठवलं असतं.

नंतर मुंबई राज्यानं 1949 मध्ये बहिष्काराला बंदी घालणारा कायदाच केला. तो कुठल्या एका धर्मापुरता नव्हता. जात-पंचायतींनाही तोच लागू होता. सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि जानेवारी 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध एक अशा मतानं कायदा रद्द केला. स्वतःच्या धार्मिक बाबी स्वतः चालवण्याचा जो हक्क घटनेनं पंथांना दिला आहे, त्यावर हा कायदा घाला घालतो, असं बहुमताचं म्हणणं. त्या बहुमतात अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकरही होते. विरोधी मत एकट्या सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं होतं. बहिष्कृत माणसाची अवस्था आपल्याच समाजात अस्पृश्यासारखी होते, आणि माणसाची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेला कायदा धर्मस्वातंत्र्याच्या आड येत नाही, असा त्यांच्या मताचा रोख होता.

मी हा निकाल वाचताना वारंवार त्या फळ्यांच्या भिंतीपाशी येत होतो. धाकट्या भावानं सही केली तेव्हा त्याच्या मदतीला धावून येईल असा कायदा देशात उरलाच नव्हता.

जयप्रकाश नारायणांनी स्थापन केलेल्या 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' या संघटनेनं न्यायमूर्ती नरेंद्र नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बोहरा समाजातल्या मानवी हक्कांच्या तक्रारींवरचा त्याचा अहवाल 1979 मध्ये आला. आयोग सरकारी नव्हता, त्याच्या शिफारशी कोणावर बंधनकारक नव्हत्या. पण जे तोवर घरातल्या घरात कुजबुजत बोललं जात होतं, ते पहिल्यांदा साक्षीपुराव्यांसह छापून समोर आलं. दुसऱ्याच वर्षी, 1980 मध्ये, असगर अलींनी बोहरांवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि मुंबईत 'इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज' सुरू केलं. थोड्याच वर्षांत महापालिकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते पूर्णवेळ या कामाला लागले.

अलिगढच्या कुलपांचा उल्लेख मी वर केला. ती कुलुपं पुढे मला वेगळ्या कारणानं आठवत राहिली. असगर अली दंगल झाली की त्या गावी जायचे. अलिगढ, मुरादाबाद, भिवंडी. मशीद आणि मंदिर बघून झालं की ते बाजारात जायचे. कुलपाचा धंदा कोणाच्या हातात आहे, पितळेच्या भांड्यांचे कारागीर कोण आणि निर्यातदार कोण, यंत्रमागाचे मालक कोण, कामगार कोण, नव्यानं पैसा कोणाच्या हाती येतो आहे, निवडणूक कधी आहे. दंगल धर्मामुळे होत नाही. धर्माचं नाव घेऊन होते, आणि तिच्या मुळाशी सत्तेचं आणि पैशाचं राजकारण असतं, हे त्यांनी गावामागून गाव तपासून मांडलं. अभियंता पुलाला तडा गेल्यावर भार कुठून आला ते शोधतो. ते समाजाला गेलेल्या तड्यांचं तसंच करत होते. त्यांचे हे अहवाल आजही वाचावेत, कारण त्यात आधी तपशील येतो आणि मग मत.

बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. ज्या शहरात त्यांचं आयुष्य गेलं, तिथंच हे घडलं. 1993 मध्ये त्यांनी 'सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम' ही संस्था काढली. पोलीस, शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते यांच्यासाठी त्यांनी शिबिरं घेतली. दंगलीनंतर शोक करण्यापेक्षा दंगलीआधी माणसं तयार करावीत, हा त्यामागचा विचार.

मराठी वाचकाला मुस्लिम सुधारणेचं नाव काढलं की आधी हमीद दलवाई आठवतात, आणि ते रास्तच आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस 18 एप्रिल 1966 ला सात स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या सचिवालयावर गेला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं आणि 1977 मध्ये वयाच्या पंचेचाळिशीच्या आत गेला. दलवाईंचा मार्ग बुद्धिवादाचा होता. धर्मग्रंथाचा आधार न घेता नागरिक म्हणून समान हक्क मागायचे. असगर अलींचा मार्ग वेगळा. ते कुराण उघडायचे आणि म्हणायचे, यातच न्याय आहे, तुम्ही तो का दाबता? अदल म्हणजे न्याय, एहसान म्हणजे भलेपणा, रहमत म्हणजे करुणा, हिकमत म्हणजे शहाणपण. या चार मूल्यांवर ते पुन्हा पुन्हा यायचे. जी आज्ञा सातव्या शतकातल्या अरबस्तानच्या परिस्थितीसाठी होती ती त्या काळाची. जे मूल्य सर्वकाळासाठी आहे ते आजचं. हा फरक त्यांनी आयुष्यभर सांगितला.

दोघांपैकी कोण बरोबर, असा सामना लावण्यात मला रस नाही. दलवाईंनी दार बाहेरून ठोठावलं, असगर अलींनी आतून. ज्या बाईला एका दमात तीनदा 'तलाक' ऐकावं लागे, तिला दोघंही हवे होते.

शाहबानोच्या वेळी हे दिसलं. इंदूरची म्हातारी बाई, नवऱ्यानं तलाक दिलेला, पोटगीसाठी ती कोर्टात गेली. एप्रिल 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. देशभर वादळ उठलं आणि 1986 मध्ये संसदेनं वेगळा कायदा केला. धर्माची जाण असलेले बहुतेक लोक तेव्हा निकालाच्या विरोधात उभे होते. असगर अली शाहबानोच्या बाजूनं उभे राहिले. तलाक दिलेल्या बाईची रास्त सोय लावा असं कुराण सांगतं, मग पोटगी धर्मविरोधी कशी, हा त्यांचा सवाल होता. इस्लाममधल्या स्त्रियांच्या हक्कांवरचं त्यांचं पुस्तक 1992 मध्ये आलं. त्या काळात मुस्लिम स्त्रियांच्या ज्या संघटना उभ्या राहत होत्या, त्यांना त्यातून हातात धरायला दाखले मिळाले. मौलवी म्हणाला 'असं लिहिलंय', तर 'कुठं लिहिलंय ते दाखवा' म्हणण्याची हिंमत त्यातून आली.

या सगळ्याची किंमत त्यांनी मोजली. त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. फेब्रुवारी 2000 मध्ये मुंबईत त्यांच्या घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली. कागद, पुस्तकं, आयुष्यभराची जमवाजमव. तरीही पुढच्या काळात त्यांचं लिहिणं थांबलं नाही, आणि त्या लिहिण्यात सुडाचा शब्द आला नाही. 1997 मध्ये त्यांना राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव पुरस्कार मिळाला होता. 2004 मध्ये स्वामी अग्निवेश यांच्या जोडीनं स्वीडनचा 'राइट लाइव्हलीहूड' सन्मान मिळाला. भगव्या कपड्यातला आर्यसमाजी संन्यासी आणि आमिलाचा मुलगा. दोघंही आपापल्या धर्मातल्या सत्तेशी भांडलेले, आणि दोघांनीही धर्म सोडलेला नव्हता.

14 मे 2013 ला मुंबईत सांताक्रूझला त्यांचं निधन झालं.

2023 चा फेब्रुवारी महिना मला वेगळा वाटतो. 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून मध्यवर्ती मंडळानं 1986 मध्ये याचिका केली होती. 10 फेब्रुवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. त्याच महिन्यात, त्याच न्यायालयानं शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर उघडायचा अंतरिम आदेश दिला. बेचाळीस वर्षांनी कुलूप निघालं. गावात त्या दिवसांत किती गर्दी होती ते सांगता येत नाही. मंदिरातल्या ज्या मूर्तीला आमच्या पिढीनं फक्त झरोक्यातून पाहिलं होतं, तिच्यापुढे माणसं रडत होती. भांडण मिटलं नाही, नंतर वादही झाले. पण देव माणसांना भेटला.

मला त्या गर्दीत आबांची भिंत आठवत होती. मंदिराच्या कुलपाला निदान तारीख असते, खटल्याला नंबर असतो, वर्तमानपत्रात बातमी येते. माणसाला लागलेलं कुलूप कोणालाच दिसत नाही. एका भावानं दुसऱ्याला सलाम करणं सोडलं, याची नोंद कुठल्या दप्तरात होते? म्हणून आपल्याच माणसांत राहून प्रश्न विचारण्याच्या हक्काला मी सगळ्यांत अवघड नागरी हक्क म्हणतो. सरकारनं अन्याय केला तर सरकारविरुद्ध जाता येतं. इथं समोर असतात आई, भाऊ, व्याही, शेजारी.

आणि ही गोष्ट बोहऱ्यांची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आजीच्या तोंडून मी ऐकलं आहे की आमच्याकडेही जातीबाहेर लग्न केलेल्या घरातून कोणी विस्तव नेत नसे आणि त्या घरी कोणी देत नसे. पाण्याच्या पाळीला त्या घरची बाई आली की बाकीच्या बाया घागरी घेऊन मागे सरत. जात-पंचायतींच्या बहिष्काराच्या कहाण्या महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी त्या गावोगाव फिरून बाहेर काढल्या. त्यातूनच 2016 मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2017 मध्ये तो लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1949 मध्ये जे पाऊल उचललं होतं ते सदुसष्ट वर्षांनी पुन्हा उचललं, आणि मधल्या काळात किती घरं दुभंगली त्याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

असगर अलींच्या आयुष्याचं मला जे मोल वाटतं ते इथं आहे. ते धर्म सोडून गेले असते तर त्यांचं जगणं सोपं झालं असतं. सुशिक्षित होते, मुंबईत नोकरी होती, मित्र सगळ्या धर्मांतले होते. पण मग थाळावरच्या जागेचा प्रश्न तसाच राहिला असता. प्रश्न विचारणाऱ्यानं उठून जावं, हेच तर बरात करणाऱ्यांना हवं असतं. ते उठले नाहीत. मी इथलाच आहे, आणि इथं बसूनच विचारणार, हे त्यांचं म्हणणं. श्रद्धा आणि विवेक यांत एक निवड, अशी अट जो कोणी घालतो त्याची अटच त्यांनी मान्य केली नाही. हे धैर्य मला घोषणा देण्याच्या धैर्याहून मोठं वाटतं, कारण ते आपल्याच माणसांच्या डोळ्यांत बघून, तीस-चाळीस वर्षं, रोज दाखवावं लागतं.

न्यायालयं त्यांचं काम करतील. धर्मस्वातंत्र्य मोठं की माणसाची प्रतिष्ठा, याचा घटनेतला अर्थ ती लावतील आणि तो लावायलाच हवा. पण बहिष्कार हा आदेशानं सुरू होत असला तरी चालतो शेजाऱ्यांच्या गप्प बसण्यावर. आबा शाळा शिकलेले नव्हते. भिंत उभी केल्यानंतरही ते बिजागऱ्या एकाकडून आणि स्क्रू दुसऱ्याकडून घेत राहिले. दोन्हीकडे चहा पीत राहिले. एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत राहिले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मले कोणी बंदी नाही घातली." बंदी आपल्यालाही घातलेली नसते. वाळीत टाकलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसायला, त्याचा हात हातात घ्यायला, त्याच्या लेकीच्या लग्नात पंगतीला बसायला कुठल्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.